चौथा कोन

वडिलोपार्जित जमिनीची वाटणी निघाली की आधी भावाभावांची बोलणी होतात आणि मग आर्पांतेर येतो. तिपाई मांडतो, दुर्बिणीतून पाहतो, आकडे लिहितो आणि जातो. पुढे नकाशा हाती येतो. त्यावरील मीटर सगळे वाचतात, कोनांचे अंश मात्र कोणी पाहत नाही. पाहायला हवेत.

एक अंश तो केवढा, असे वाटते. पण 30 मीटरची हद्द एका टोकाशी 1 अंशाने वळली, तर दुसऱ्या टोकाला ती सुमारे 52 सेंटीमीटर सरकते. जवळजवळ 8 चौरस मीटर जागा इकडची तिकडे! आपला पेर्श साधारण 42 चौरस मीटरचा. त्याचा पाचवा हिस्सा गेला म्हणा. याहून कमी जागेवरून शेजाऱ्यांनी बोलणे सोडलेले आहे.

मुलांच्या पुस्तकात हेच गणित असते. चौकोनात कर्ण काढला की दोन त्रिकोण होतात. प्रत्येकाच्या कोनांची बेरीज 180 अंश, म्हणून चौकोनाची 360. तीन कोन 92, 86 आणि 101 दिले, तर चौथा 81. शाळेत एवढ्यावर मार्क मिळतात. जमिनीवर मात्र चौथा कोनही मोजायचा असतो. वजाबाकीने काढलेला कोन आधीच्या तिघांच्या चुका पोटात घालतो. मोजलेला कोन त्या उघड्या पाडतो. 81 च्या जागी 80 आले, तर पुन्हा तिपाई मांडावी लागते.

आपल्या बेटाला हे काम नवे नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ला काय 1753 मध्ये येथे आले आणि त्यांनी त्रिकोण मोजत मोजत बेटाचा नकाशा तयार केला. एक अंतर आणि त्याच्या दोन्ही टोकांचे कोन हाती आले, की डोंगराच्या शिखरापर्यंत न चढताही त्याचे अंतर काढता येते.

घरच्या घरी तपासायचे असेल तर साधा टेप पुरे. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर 5-5 मीटरवर खुंटी ठोका आणि खुंट्यांमधले अंतर मोजा. 7 मीटर 7 सेंटीमीटर भरले तर काटकोन. जास्त भरले तर कोन 90 हून मोठा, कमी भरले तर लहान. बरोबर 5 मीटर आले तर 60 अंश. याला कायदेशीर किंमत नाही, पण आर्पांतेरला काय विचारायचे ते कळते. जमीन उताराची असेल तर टेप जमिनीला टेकवू नका, आडवा आणि ताठ धरा.