डेबियन इन्स्टॉलरची चाचणी व दोषनोंदणी

डेबियन इन्स्टॉलर हा डेबियन या मुक्त संचालन प्रणालीची संगणकावर स्थापना करणारा प्रोग्राम आहे. डेबियन प्रकल्पाची सुरुवात १९९३ साली इयान मरडॉक यांनी केली आणि त्याचे काम जगभरातील स्वयंसेवक पाहतात. इन्स्टॉलरची नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी ती निरनिराळ्या संगणकांवर चालवून पाहणे व आढळलेले दोष विकासकांना कळवणे या कामात कोणीही वापरकर्ता भाग घेऊ शकतो. त्यासाठी प्रोग्राम लिहिता येण्याची गरज नसते. जे घडले ते क्रमाने आणि नेमक्या शब्दांत लिहिता येणे मात्र आवश्यक असते.

पार्श्वभूमी

बहुतेक सॉफ्टवेअर आधीच चालू असलेल्या प्रणालीच्या आधाराने चालते. इन्स्टॉलरला तो आधार नसतो. तो पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडीवरून संगणकाच्या मेमरीत उतरतो, पूर्वी कधीही न पाहिलेले यंत्र ओळखतो आणि त्याच्या हार्ड डिस्कचे विभाग पाडतो. या टप्प्यावरची चूक महागात पडते. विभाग चुकीचा निवडला गेला, तर त्यावरील जुनी माहिती नष्ट होऊ शकते. बूटलोडर नीट बसला नाही, तर संगणक सुरूच होत नाही.

डेबियन ३.० पर्यंत स्थापनेसाठी 'बूट-फ्लॉपीज' नावाची जुनी व्यवस्था वापरली जात असे. जून २००५ मध्ये आलेल्या डेबियन ३.१, म्हणजेच 'सार्ज' या आवृत्तीत तिची जागा सध्याच्या इन्स्टॉलरने घेतली. (डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांची नावे देण्याची प्रथा आहे.) नवा इन्स्टॉलर 'यूडेब' नावाच्या लहान लहान घटकांचा बनलेला आहे. नेटवर्क जुळवणे, विभाग पाडणे, बूटलोडर बसवणे ही कामे वेगवेगळे घटक करतात. त्यामुळे स्थापना कोणत्या पायरीवर अडली हे कळले, की दोष कोणत्या घटकात शोधावा हे बरेचसे ठरते.

चाचणी

चाचणीसाठी प्रसिद्धीपूर्व आवृत्त्या आणि रोज नव्याने तयार होणाऱ्या प्रतिमा उपलब्ध असतात. आज दिसलेला दोष उद्याच्या प्रतिमेत नसण्याची शक्यता असल्याने प्रतिमा कोठून व कोणत्या तारखेला घेतली, हे टिपून ठेवावे लागते. उतरवून घेतलेल्या फाइलची चेकसम पडताळणीही आधी केली जाते. फाइल अपुरी उतरली असेल किंवा पेन ड्राइव्ह खराब असेल, तर त्याचे खापर विनाकारण इन्स्टॉलरवर फुटते.

महत्त्वाची माहिती असलेल्या संगणकावर चाचणी करणे धोक्याचे असते. आभासी यंत्रावर ती निर्धास्तपणे करता येते, पण प्रत्यक्ष वायफाय कार्ड किंवा जुन्या लॅपटॉपचा लहरीपणा आभासी यंत्रात दिसत नाही. विकासकांजवळ नसलेली यंत्रे वापरकर्त्यांच्या घरी असतात, आणि त्यांच्या अहवालांचे मोल मुख्यतः यातच आहे.

अहवाल

स्थापनेचे अहवाल डेबियनच्या दोषनोंद व्यवस्थेत 'इन्स्टॉलेशन-रिपोर्ट्स' या नावाखाली ईमेलने पाठवले जातात. त्यांचा नमुना ठरलेला आहे. त्यात बूट करण्याची पद्धत, प्रतिमेची आवृत्ती, तारीख, यंत्राचा प्रकार, प्रोसेसर, मेमरी व डिस्कचे विभाग यांची माहिती भरायची असते. त्याखाली पायऱ्यांची यादी असते: पहिला बूट, नेटवर्क कार्ड ओळखणे, विभाग पाडणे, मूळ प्रणाली बसवणे, बूटलोडर बसवणे इत्यादी. पायरी सुरळीत पार पडली तर तिच्यापुढे 'ओ', चुकली तर 'ई' लिहितात. करून पाहिली नसेल तर चौकट रिकामी ठेवतात.

स्थापना यशस्वी झाली तरी अहवाल पाठवावा, अशी प्रकल्पाची विनंती असते. अनेकांना हे अनावश्यक वाटते. परंतु यशाचे अहवाल आले नाहीत, तर एखाद्या यंत्रावर सर्व ठीक चालले की कोणी प्रयत्नच केला नाही, हे विकासकांना समजण्याचा मार्ग उरत नाही.

शब्दांतील वर्णनाइतकेच महत्त्व लॉग फाइलींना असते. स्थापना चालू असताना 'ऑल्ट' व 'एफ४' या कळा एकत्र दाबल्यास चालू नोंदी पाहता येतात (चित्रमय इन्स्टॉलरमध्ये त्यांच्या जोडीला 'कंट्रोल' ही कळही दाबावी लागते). स्थापना पूर्ण झाल्यास हे लॉग नव्या प्रणालीत जपून ठेवले जातात. ती मध्येच अडल्यास मात्र सर्व नोंदी केवळ मेमरीत असतात आणि संगणक बंद करताच पुसल्या जातात. संतापून बटण दाबण्याआधी मुख्य मेनूतील लॉग जतन करण्याचा पर्याय वापरला नाही, तर 'स्थापना झाली नाही' एवढेच एक वाक्य हाती उरते, आणि त्यावरून दोष शोधणे जवळजवळ अशक्य असते.

प्रत्येक अहवालाला क्रमांक मिळतो. विकासक तो वाचून संबंधित घटकाकडे वर्ग करतात, गांभीर्याची पातळी ठरवतात किंवा अधिक माहिती मागतात. अशा प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर दोष खरा असूनही नोंद तशीच पडून राहते. पत्रव्यवहार सार्वजनिक असतो. प्रेषकाचा ईमेल पत्ताही सर्वांना दिसतो.

मराठी आणि इन्स्टॉलर

एप्रिल २००७ मधील डेबियन ४.० पासून चित्रमय इन्स्टॉलर उपलब्ध झाला. फेब्रुवारी २००९ मधील डेबियन ५.० ('लेनी') या आवृत्तीत स्थापनेच्या भाषांची संख्या ६३ झाली आणि नव्याने आलेल्या भाषांत मराठीचा समावेश होता. त्यांपैकी १३ भाषा केवळ चित्रमय रूपातच वापरता येत होत्या. भाषेची चाचणी करताना दोन प्रकारचे दोष वेगळे ओळखावे लागतात. शब्दाचा अर्थ चुकला असेल, तर तो अनुवादाचा दोष. जोडाक्षर फुटलेले किंवा वेलांटी भलत्याच जागी दिसत असेल, तर दोष फाँटचा किंवा अक्षरे रेखाटणाऱ्या घटकाचा असतो. तो अनुवादकाला कळवून काहीच साधत नाही.

फर्मवेअरचा प्रश्न

प्रोग्राम निर्दोष असूनही स्थापना अडू शकते. अनेक वायफाय कार्डांना चालण्यासाठी उत्पादकाचे फर्मवेअर लागते. ते मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत प्रतिमांत दीर्घकाळ दिले जात नव्हते. साहजिकच ज्यांच्याकडे केवळ वायफाय होते, त्यांची स्थापना नेटवर्कच्या पायरीवरच थांबे. ही धोरणाची बाब असल्याने निर्णय विकासकांच्या मतदानावर सोडावा लागला. २०२२ मध्ये ते मतदान झाले आणि जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ ('बुकवर्म') पासून अधिकृत प्रतिमांत आवश्यक फर्मवेअर समाविष्ट करण्यात आले. ते नको असल्यास बूट करतानाच नाकारण्याची सोय ठेवलेली आहे.