मूतखडा पुन्हा का होतो? उत्तर रुग्णनोंदवहीत

मूतखडा काढून टाकला की आजार संपला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात खडा निघून जातो. तो तयार करणारी शरीरातील प्रवृत्ती मात्र बहुधा कायम राहते. त्यामुळे अनेक रुग्णांना काही वर्षांच्या अंतराने त्याच वेदनांना पुन्हा सामोरे जावे लागते. हे कोणाच्या बाबतीत घडते, किती वर्षांनी घडते आणि कशामुळे टळते, या प्रश्नांची उत्तरे एखाद्या रुग्णाच्या तपासणीतून मिळत नाहीत. त्यासाठी हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घ्यावा लागतो. हे काम करणारे साधन म्हणजे डिजिटल रुग्णनोंदवही, अर्थात ‘पेशंट रजिस्ट्री’. या साधनाची गरज किती आहे, हे राजस्थानची राजधानी जयपूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

उष्ण प्रदेशाचा आजार

भारतातील मूतखड्याच्या पट्ट्यात राजस्थान, गुजरात, पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि महाराष्ट्र यांचा समावेश केला जातो. राजस्थानात या आजाराला ‘पथरी’ म्हणतात. उन्हाळ्यात जयपूरचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. घामावाटे पाणी निघून गेल्याने लघवीचे प्रमाण घटते, ती दाट होते आणि तिच्यात विरघळलेल्या क्षारांचे स्फटिक बनू लागतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी उत्तर भारतातील रुग्णांच्या १,०५० खड्यांचे विश्लेषण करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार सुमारे ९३ टक्के खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे होते.

पाण्याचे केवळ प्रमाणच नव्हे, तर त्याचा दर्जाही महत्त्वाचा असू शकतो. दक्षिण राजस्थानातील आदिवासी भागाचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असलेल्या क्षेत्रात मूतखड्याचे प्रमाण इतर क्षेत्राच्या तुलनेत ४.६ पट आढळले. मात्र अशा पाहणीतून एका विशिष्ट वेळचे चित्र मिळते. तेच पाणी पीत राहिलेल्या रुग्णाला पुढील दहा वर्षांत पुन्हा खडा झाला का, हे त्यातून कळत नाही.

न परतलेल्या रुग्णाचा प्रश्न

जयपूरचे सवाई मानसिंह रुग्णालय ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायामुळे महाराष्ट्रालाही परिचित आहे. मोठ्या शहरातील अशा सरकारी रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. मूतखड्याच्या रुग्णाचा प्रवास अनेकदा एकाच ठिकाणी संपत नाही. पहिली कळ आली तेव्हा गावाजवळचा दवाखाना, सोनोग्राफीसाठी तालुक्याचे केंद्र, शस्त्रक्रियेसाठी जयपूर आणि पुढच्या वेळी कदाचित दुसरेच रुग्णालय, असा हा मार्ग असतो. प्रत्येक ठिकाणी वेगळा केसपेपर निघतो. हे सर्व कागद एकत्र असतात ते केवळ रुग्णाच्या पिशवीत. आणि ती पिशवीही कधी ना कधी हरवते.

यातून संशोधनाची मोठी अडचण उभी राहते. शस्त्रक्रियेनंतर एखादा रुग्ण पाच वर्षे रुग्णालयात फिरकला नाही, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. त्याला पुन्हा खडा झाला नाही, हा एक. पुन्हा खडा झाला आणि तो दुसरीकडे गेला, हा दुसरा. रुग्णालयाच्या दफ्तरात या दोघांमध्ये काहीही फरक दिसत नाही. न परतलेल्या सर्वांना बरे झालेले मानले, तर उपचार आहेत त्यापेक्षा अधिक यशस्वी वाटतात. उलट, केवळ परतलेल्यांचाच विचार केला, तर आजार आहे त्यापेक्षा अधिक चिवट वाटतो. शेखावाटीतील सीकर, झुंझुनू आणि चुरू या जिल्ह्यांतून आखाती देशांत कामासाठी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. उष्ण हवेत काम करणारा हा वर्ग दफ्तरातून सहज निसटतो. वास्तविक त्याच्याच बाबतीत माहितीची गरज अधिक असते.

एका माणसाची एकच नोंद

या प्रश्नावर उत्तर शोधण्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात आढळते. तेथील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेन्री प्लमर यांनी १९०७ मध्ये प्रत्येक रुग्णाला एकच क्रमांक आणि एकच फाइल देण्याची पद्धत सुरू केली. त्यापूर्वी प्रत्येक डॉक्टरची नोंदवही स्वतंत्र असे. १९६६ मध्ये ‘रोचेस्टर एपिडेमिऑलॉजी प्रोजेक्ट’द्वारे ओल्मस्टेड परगण्यातील निरनिराळ्या वैद्यकीय संस्थांच्या नोंदी परस्परांशी जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. रुग्ण कोणत्याही दवाखान्यात गेला तरी त्याचा मागोवा लागू लागला.

याच नोंदींच्या आधारे १९८४ ते २००३ या काळात प्रथमच मूतखडा झालेल्या २,२३९ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, २ वर्षांत ११ टक्के, ५ वर्षांत २० टक्के, १० वर्षांत ३१ टक्के, तर १५ वर्षांत ३९ टक्के रुग्णांना पुन्हा खड्याचा त्रास झाला. कमी वय, पुरुष असणे, कुटुंबात मूतखड्याचा इतिहास असणे, खडा युरिक आम्लाचा असणे, मूत्रपिंडात त्रास न देणारा आणखी एखादा खडा असणे अशा ११ बाबींवरून पुढील धोक्याचा अंदाज बांधणारे कोष्टकही संशोधकांनी तयार केले.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासाने अधिक गंभीर बाब निदर्शनास आणली. १०० रुग्णांचा एक वर्ष मागोवा घेतला असे मानल्यास, पहिल्या खड्यानंतर पुन्हा त्रास होण्याचे प्रमाण ३.४ होते. दुसऱ्या खड्यानंतर ते ७.१, तिसऱ्यानंतर १२.१ आणि चौथ्या किंवा त्यापुढील खड्यानंतर १७.६ इतके वाढले. म्हणजेच प्रत्येक नव्या खड्याबरोबर पुढच्या खड्याची शक्यता वाढत जाते. त्यामुळे प्रतिबंधाचे उपाय लवकर सुरू करण्याला महत्त्व आहे.

मात्र हे आकडे जसेच्या तसे जयपूरला लावता येणार नाहीत. ओल्मस्टेडची लोकसंख्या प्रामुख्याने गोऱ्या वंशाची आणि हवामान थंड आहे. राजस्थानातील ऊन, पाणी, आहार आणि कामाचे स्वरूप अगदी निराळे आहे. इथला धोका मोजण्यासाठी नोंदीही इथल्याच लागतील.

नोंदवहीत काय असावे?

डिजिटल नोंदवही म्हणजे केवळ संगणकावर उतरवलेला केसपेपर नव्हे. ‘मूत्रपिंडात खडा, शस्त्रक्रिया केली’ असे वाक्य संगणकात साठवले, तरी त्यावरून गणित मांडता येत नाही. त्यासाठी ठरावीक प्रश्नांची ठरावीक स्वरूपातील उत्तरे लागतात. खड्याचा आकार किती मिलिमीटर, तो मूत्रपिंडाच्या कोणत्या भागात होता, यापूर्वी किती वेळा त्रास झाला, घरात आणखी कोणाला आहे का, चोवीस तासांच्या लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, युरिक आम्ल आणि सोडियम किती, काढलेल्या खड्याचे रासायनिक विश्लेषण काय सांगते, अशा बाबी त्यात येतात. आजाराच्या नावासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय संकेतांक वापरले जातात. त्यामुळे एकाने ‘पथरी’ आणि दुसऱ्याने ‘स्टोन’ लिहिले तरी घोटाळा होत नाही.

सर्वांत कळीचा मुद्दा ‘पुन्हा झाला’ याच्या व्याख्येचा आहे. शस्त्रक्रियेत खडा फोडल्यानंतर काही वेळा बारीक तुकडे मागे राहतात. पुढे तेच वाढले, तर तो नवा खडा ठरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड पूर्णपणे मोकळे झाले होते काय, याची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या आधारे नोंद होणे आवश्यक ठरते. ही एक नोंद वगळली गेली, तर पुढील सर्व आकडेवारी संशयास्पद होते. त्याचप्रमाणे दुखल्यावर सापडलेला खडा आणि अन्य कारणाने केलेल्या तपासणीत योगायोगाने दिसलेला खडा या दोन्हींची स्वतंत्र गणना करावी लागते.

आरोग्यविम्याच्या दाव्यांची माहिती यासाठी पुरेशी ठरत नाही. त्या नोंदी प्रामुख्याने शस्त्रक्रियेचा खर्च देण्यासाठी ठेवल्या जातात. खडा कशाचा बनलेला होता आणि रुग्ण दिवसाला किती पाणी पितो, हे सांगणे हा त्यांचा हेतू नसतो. डॉक्टरांवर लिखाणाचा बोजा पडू नये, यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील केंद्राने वेगळी पद्धत अवलंबिली. रुग्ण तपासताना डॉक्टर संगणकावरील जो नेहमीचा नमुना भरतात, त्यातूनच आवश्यक माहिती आपोआप नोंदवहीत जमा होते. या नोंदवहीची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध करण्यात आली.

समज आणि पुरावा

नोंदींअभावी चुकीचे सल्लेही दीर्घकाळ टिकून राहतात. मूतखडा झाल्यास दूध बंद करावे, हा त्यापैकी एक. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर ५ वर्षे केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आहारातील कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० जणांत ही संख्या १२ होती. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते अपुरे पडले, तर अधिक ऑक्झलेट रक्तात आणि तेथून लघवीत उतरते.

त्याआधी १९९६ मध्ये इटलीतीलच एका प्रयोगात १९९ रुग्णांचा मागोवा घेण्यात आला होता. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के, तर इतरांपैकी २७ टक्के रुग्णांना ५ वर्षांत पुन्हा खडा झाला. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असा सल्ला आज दिला जातो. दुसरीकडे, अनेक वर्षे वापरात असलेले हायड्रोक्लोरोथायझाइड हे औषध खडे रोखण्यात निष्प्रभ औषधापेक्षा सरस ठरले नाही, असे स्वित्झर्लंडमधील ४१६ रुग्णांवरील प्रयोगातून २०२३ मध्ये दिसून आले.

अशा प्रयोगांतून कोणता उपाय लागू पडतो, हे कळते. तो उपाय जयपूरच्या उन्हात हातगाडी ओढणाऱ्या मजुराला वर्षानुवर्षे पाळता येतो काय, याचे उत्तर मात्र नोंदवहीच देऊ शकते. रुग्णालयात येण्याच्या तारखा हवामान खात्याच्या तापमानाशी ताडून पाहिल्यास उष्णतेच्या लाटेनंतर किती दिवसांनी रुग्ण वाढतात, हेही मोजता येते. अमेरिकेतील पाच शहरांच्या अशा अभ्यासात हा परिणाम २० दिवसांच्या आत दिसून आल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

बार्शीचा धडा

रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेणे भारतात अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. कर्करोगाच्या बाबतीत हे काम महाराष्ट्राने करून दाखविले आहे. मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता कर्मचारी गावोगावी जाऊन माहिती घेऊ लागले. त्या काळी संगणकापेक्षा पायपीटच अधिक उपयोगी ठरली.

मूतखड्याच्या नोंदवहीलाही हाच नियम लागू पडतो. संगणकप्रणाली कितीही अद्ययावत असली, तरी ठरावीक काळाने रुग्णाला दूरध्वनी करून ‘पुन्हा त्रास झाला का?’ असे विचारणारी व्यक्ती नसेल, तर नोंदी अपूर्ण राहतील. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनअंतर्गत १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक मिळतो. निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी एकाच व्यक्तीशी जोडण्यास त्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र हा क्रमांक ऐच्छिक आहे.

माहिती जोडली जाते, तसा तिच्या गैरवापराचा धोकाही वाढतो. संशोधकाला रुग्णाचे नाव व पत्ता कळण्याची आवश्यकता नसते. सांकेतिक क्रमांक पुरेसा असतो. रुग्णाची संमती, तीही त्याला समजणाऱ्या भाषेत, घेणे बंधनकारक मानले जाते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये देशात स्वतंत्र कायदाही करण्यात आला आहे. विश्वास गमावलेला रुग्ण पुढील वेळी दूरध्वनीच उचलत नाही आणि नोंद तेथेच खंडित होते.

मूतखड्याने सहसा जीव जात नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु वारंवार होणारे खडे, त्यामुळे होणारा अडथळा आणि जंतुसंसर्ग यांमुळे मूत्रपिंडाचे कार्य हळूहळू कायमचे घटू शकते. हे नुकसान पुष्कळदा वेदनेविना होते. अशी नोंदवही उभी राहीपर्यंत रुग्णाच्या हाती काही गोष्टी निश्चितच आहेत. पडलेला खडा फेकून न देता विश्लेषणासाठी डॉक्टरांकडे देणे, अहवाल जपून ठेवणे आणि दुसऱ्या रुग्णालयात गेल्यास पहिल्या खड्याची माहिती आवर्जून सांगणे, या त्या गोष्टी होत. दुसरा खडा टाळण्याची तयारी पहिल्या खड्याच्या नोंदीपासूनच सुरू होते.