हुक वर जाण्याआधी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत साच्यातून नुकतंच काढलेलं कास्टिंग जमिनीवर होतं. लेथ मशीनचा बिडाचा बेड, जवळजवळ अडीच मीटर लांब. अंगाला जळकी वाळू चिकटलेली, वर राइझरचे खुंट तसेच. ते उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला फेटलिंगसाठी, म्हणजे खुंट काढून साफ करण्यासाठी, न्यायचं होतं. डोक्यावर पाच टनी क्रेन होती. साखळी अडकवायची आणि न्यायचं, एवढंच काम आहे असं बघणाऱ्याला वाटावं. पण हुक खाली येण्याआधी बराच वेळ गेला, आणि त्या वेळात जे झालं तेच या कामातलं खरं कौशल्य आहे असं माझं ठाम मत आहे.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न वजनाचा विचारला. शिकाऊ पोरानं ड्रॉइंग बघून सांगितलं, "सव्वीसशे किलो, मिस्त्री."

"ते मशीनिंग झाल्यावरचं. आता राइझर हाय, रनर हाय, पोटात वाळू हाय. त्याचं वजन कोण धरणार?"

मग टेप निघाली. करड्या बिडाचा एक घनमीटर म्हणजे साधारण ७,२०० किलो. खुंटांची मापं घेऊन, मशीनिंगसाठी ठेवलेली जाडी धरून आणि वाळूचा अंदाज बांधून दोघांनी कागदावर आकडा काढला: साडेतीन टन. कास्टिंग उचललं तेव्हा हुकाच्या वजनकाट्यानं ३,४०० किलो दाखवले. ड्रॉइंगवर भरवसा ठेवला असता तर आठशे किलो हिशेबाबाहेर राहिले असते.

दुसरा प्रश्न, कशानं उचलायचं. भिंतीवरच्या रॅकवर स्लिंग टांगलेले होते. पॉलिस्टरचे पट्टे, म्हणजे कारखान्यातल्या भाषेत बेल्ट, रंगावरून ओळखता येतात: जांभळा एक टनाचा, हिरवा दोनचा, पिवळा तीनचा, राखाडी चारचा, लाल पाचचा. शिकाऊ पोराचा हात लाल बेल्टकडे गेला. पाच टनाचा आहे, वजन साडेतीन; आकड्यांत काही चूक नव्हती. मिस्त्रींनी तापमापक गन कास्टिंगवर धरली. १८० अंश सेल्सिअस. पॉलिस्टरची मर्यादा १०० अंश. धाग्याचा गाभा असलेल्या वायर रोपचीही तेवढीच. शिवाय कास्टिंगच्या कडेला बिडाची फ्लॅश होती, सुरीसारखी धारदार. ताणलेल्या बेल्टला अशी कड लागली की तो चिरत जातो. उरली साखळी. ग्रेड ८० ची साखळी २०० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेनं चालते. त्यापुढे तिचीही क्षमता कमी धरावी लागते.

साधन निवडताना टनाचा आकडा सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो. पण वस्तू गरम आहे का, तिची कड कशी आहे, ती धरायची कुठे, तिचा तोल कुठे आहे, हे प्रश्न त्या आकड्याआधीचे आहेत.

साखळी जमिनीवर पसरून मिस्त्री तिच्यावरून कडी-कडीनं हात फिरवत गेले. आधी धातूचा बिल्ला: दोन पायांची, १० मिलिमीटर, ग्रेड ८०, क्षमता आणि ओळख क्रमांक. बिल्ला नसलेली साखळी इथे वापरतच नाहीत. मग व्हर्नियर. दोन कड्या एकमेकींवर घासतात तिथे जाडी ९ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, म्हणजे दहा टक्के झीज झाली, तर साखळी बाद. ताणून लांबी वाढली असेल, कडी वाकली असेल, वेल्डिंगची ठिणगी बसून खड्डा पडला असेल, तरीही बाद. हुकाचं तोंड मूळ मापापेक्षा दहा टक्के उघडलं असेल तर तो हुक कधीतरी जास्त भाराखाली वाकलेला आहे. तो ठोकून परत जागेवर आणायचा नसतो. हुकाच्या तोंडावरची स्प्रिंगची पट्टी, सेफ्टी लॅच, बोटानं दाबून सोडली. ती आपोआप मिटली पाहिजे.

साखळी तुटते तो भार छापलेल्या क्षमतेच्या चौपट असतो, वायर रोपच्या स्लिंगमध्ये पाचपट, बेल्टमध्ये सातपट. हे माहीत असलेले लोक कधीकधी म्हणतात, "थोडं जास्त चालतंय की." ती शिल्लक झटक्यासाठी, झिजेसाठी आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषांसाठी ठेवलेली असते. ती जादा वजन उचलण्यात खर्च केली, तर झटका बसेल त्या दिवशी हाती काहीच उरत नाही.

आता खरा पेच होता कोनाचा. कास्टिंगला धरण्याच्या दोन जागांमध्ये २.२ मीटर अंतर. रॅकवर सगळ्यांत पुढे असलेल्या साखळीचा प्रत्येक पाय दीड मीटर लांब. ती अडकवली असती तर प्रत्येक पाय उभ्या रेषेपासून सुमारे ४७ अंश फाकला असता. भरलेली घागर दोघांनी मिळून उचलली, तर जवळ उभं राहिल्यावर ती हलकी वाटते. लांब सरकत गेलं की घागर तेवढीच, पण खांदे निखळायला येतात. साखळीचंही तसंच. याच १० मिलिमीटर साखळीची क्षमता ४५ अंशांपर्यंत ४.२५ टन असते, आणि ४५ ते ६० अंशांत ती ३.१५ टनांवर येते. म्हणजे ३.४ टनांचं तेच कास्टिंग, तीच साखळी. फक्त पाय आखूड म्हणून काम मर्यादेबाहेर.

मिस्त्रींचा नियम साधा आहे: दोन टोकांमधलं अंतर साखळीच्या एका पायाच्या लांबीपेक्षा जास्त नको. मग दोन पायांमधला कोन ६० अंशांच्या आत राहतो. त्यांनी अडीच मीटर पायाची साखळी घेतली. कोन २६ अंशांवर आला आणि प्रत्येक पायावरचा ताण अडीच टनांवरून १.९ टनांवर उतरला.

पण लांब साखळीला उंची लागते. आखूड साखळीत हुक कास्टिंगच्या मीटरभर वर असता. आता तो सव्वादोन मीटर वर गेला. शेड ठेंगणी असती तर हे जमलंच नसतं. म्हणून क्रेन विकत घेताना हुक किती वर जातो हे टनाइतकंच महत्त्वाचं. दुसरी गोष्ट म्हणजे क्रेन किती राबणार. क्रेनच्या यंत्रणेचे एम१ ते एम८ असे वर्ग असतात. महिन्यातून एकदा मोटर उचलणारी पाच टनी क्रेन आणि दर काही मिनिटांनी साचा उचलणारी पाच टनी क्रेन, दोघींवर आकडा एकच असतो, वर्ग मात्र वेगळा हवा. हलक्या वर्गाची क्रेन फाउंड्रीत लावली तर तिचे गिअर आणि ब्रेक वेळेआधी संपतात. वितळलेल्या लोखंडाचं लेडल वाहणाऱ्या क्रेनला तर उचलीसाठी दोन ब्रेक लागतात. वीज गेली तर काय, हाही प्रश्न घेतानाच विचारायचा. होइस्टचा ब्रेक स्प्रिंगनं बंद होतो आणि विजेनं सुटतो, त्यामुळे वीज गेली की भार जागेवर थांबतो. माल चिकटवून उचलणाऱ्या साध्या विद्युतचुंबकाचं उलटं आहे: वीज गेली की माल सुटतो. त्याला बॅटरीचा आधार असलाच पाहिजे.

अखेर हुक खाली आला. इशारे देणारा एकच माणूस, बाकी सगळे बाजूला. भार सहा इंच वर घेऊन थांबवला. ब्रेक धरतोय का, तोल नीट आहे का, हे बघायची हीच वेळ. एक टोक जड निघालं, कास्टिंग तिरकं झालं. लगेच खाली ठेवलं, हुक जड बाजूकडे सरकवला, पुन्हा घेतलं. एवढ्यात शिकाऊ पोरानं दोन्ही हात वर केले, "थांबा, थांबा!" क्रेन जागच्या जागी थांबली. एका हुकाची लॅच पूर्ण मिटली नव्हती, त्यात वाळू अडकली होती. भार उतरवला, वाळू काढली. मिस्त्री एवढंच म्हणाले, "बरं बघितलंस."

उचलताना इशारे एकानंच द्यायचे असतात, पण थांबण्याचा इशारा कुणीही देऊ शकतो आणि तो पाळावाच लागतो. सगळ्या नियमांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

शेडबाहेर आलं की चित्र बदलतं. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर हायड्रा, म्हणजे चाकांवरची फिरती क्रेन, बूमला यंत्र लटकवून जात असते. लटकत्या मालामुळे ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही, म्हणून एक पोरगा मालाला हात लावून बाजूनं चालतो. बूमवर १४ टन लिहिलेलं असतं, पण ती क्षमता बूम जवळात जवळ असतानाची. माल जितका पुढे, तितकी ती कमी. किती कमी, हे गाडीतल्या लोड चार्टवर असतं. अनेक ठिकाणी तो तक्ता बघितलाच जात नाही. शेडच्या आतही असंच काही चालतं: वेळ वाचवायला लिमिट स्विच बंद करणं, लॅच काढून टाकणं, बाजूला पडलेला माल क्रेननं तिरका ओढणं.

कायद्यानं याचा विचार केव्हाच केला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ नं उचल यंत्रं, साखळ्या आणि दोर यांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी सांगितली, प्रत्येकावर सुरक्षित भार लिहायला सांगितला, आणि रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येऊ नये असंही सांगितलं. पण वर्षातून एकदा येणारा तपासनीस आज सकाळी वाकलेली कडी बघू शकत नाही. ती बघायला रोजचा हात लागतो. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये १ ऑगस्ट २०२० रोजी चाचणी सुरू असताना क्रेन कोसळून ११ जण गेले. २०२३ च्या १ ऑगस्टला समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० जण गेले. अशा बातम्या पहिल्या पानावर येतात. चिरडलेलं बोट, मोडलेला पाय यांची बातमी होत नाही, पण तेवढ्यानं एखाद्या घरातली कमाई थांबते.

म्हणून कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. क्रेनच्या किमतीबरोबरच वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या, त्या मोजायचं व्हर्नियर, हुकाचा वजनकाटा आणि माणसांचं प्रशिक्षण यांचे पैसेही त्याच अंदाजपत्रकात धरा. आणि सगळ्यांत नव्या पोरानं "थांबा" म्हटलं तर क्रेन थांबेल, आणि थांबवण्याचं कारण चुकीचं निघालं तरी त्याला कुणी बोलणार नाही, हे सगळ्यांसमोर जाहीर करा. त्याला एक रुपयाही लागत नाही.