बाळंतपणात रक्त किती गेलं होतं?

पस्तिशीची बाई. भाकऱ्या थापताना मध्येच ओट्याला टेकून उभी राहते, मे महिन्यातही स्वेटर काढत नाही, दुपारी चार वाजता पुन्हा आडवी होते. नवऱ्याने आधी गल्लीतले डॉक्टर केले, मग तालुक्याचे, मग शहरातले. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. थायरॉईड नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. उलट्या होऊन गळून गेली की दोन दिवस ॲडमिट करून सलाईन लावतात, जरा तरतरी येते, घरी सोडतात. काही महिन्यांनी पुन्हा तेच. नातेवाईक म्हणतात, टेन्शन घेते. कुणी हळूच सुचवतं, बाहेरचं काही आहे का तेही बघून घ्या.

या वर्णनामागे कितीतरी आजार असू शकतात. पण त्यातला एक असा आहे की त्याचा पुरावा घरातल्यांच्या आठवणीत वर्षानुवर्षं पडून असतो आणि तो कुणी विचारतच नाही.

हार्मोनचे डॉक्टर, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्ट, फाइल बाजूला ठेवून तो विचारतात. शेवटचं बाळंतपण कधी झालं? रक्त किती गेलं होतं? बाळाला अंगावरचं दूध मिळालं का? पाळी परत सुरू झाली का? बाई संकोचते, मग नवरा बोलायला लागतो. धाकट्याच्या वेळी रक्त थांबतच नव्हतं, जीप करून जिल्ह्याला न्यावं लागलं, रक्ताच्या बाटल्या लावल्या. दूध आलंच नाही, बाळ वरच्या दुधावर वाढलं. पाळी गेली ती गेलीच. अशक्तपणामुळे असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. धाकटा आता नववीत आहे.

या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात. ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयात काम करणारे विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचं वर्णन केलं. मेंदूच्या तळाशी मटारच्या दाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. गरोदरपणात ती वाढते, तिला रक्तही जास्त लागतं. प्रसूतीत अतोनात रक्तस्राव होऊन रक्तदाब एकदम कोसळला, तर तिचा बराचसा भाग मरून जाऊ शकतो. दूध, पाळी, थायरॉईड आणि ताणाच्या प्रसंगी शरीर सावरणारं कॉर्टिसोल, या सगळ्यांना हुकूम तिथूनच सुटतात. ते बंद पडले की माणूस बहुधा लगेच कोसळत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू झिजत जातो. त्यामुळे निदानाला दहा-वीस वर्षं लागणं यात नवल नाही. बाळंतपणाची सोय सुधारली तसा श्रीमंत देशांत हा आजार विरळा झाला. आपल्याकडे काश्मीर खोऱ्यात झालेल्या एका पाहणीत मात्र मुलं झालेल्या बायकांपैकी सुमारे ३ टक्के जणींमध्ये तो आढळला होता.

मग थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल कसा आला? तपासणीच्या बहुतेक पॅकेजमध्ये नजर जाते ती टीएसएचच्या आकड्यावर. थायरॉईड सुस्तावली की पिट्युटरी टीएसएच वाढवते आणि तो वाढलेला आकडा पाहून डॉक्टर आजार ओळखतात. इथे टीएसएच बनवणारी पिट्युटरीच निकामी झालेली असते. आकडा वाढणार कुठून? तो बहुधा नॉर्मलच्या चौकटीत बसतो आणि रिपोर्टवर लाल खूण येत नाही. सोबत फ्री टी-फोर आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल तपासलं असतं, तर दोन्ही खाली गेलेली दिसली असती. दर खेपेला रक्तातलं सोडियम कमी येत होतं, पण ते उलट्यांच्या खात्यावर जमा होत राहिलं. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ याचा अर्थ एवढाच, की ज्या तपासण्या केल्या त्यांत काही सापडलं नाही. त्यावरून बाईला काही झालेलंच नाही असं ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आणखी एक अडचण खास आपल्या घरांतली. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड माहेरच्या कपाटात राहतं किंवा हरवतं, आणि नेमकं काय घडलं ते नवऱ्याला धड माहीतच नसतं. अशा वेळी त्याने सासूबाईंना फोन करून सगळं नीट विचारून घेणं हे एखाद्या महागड्या स्कॅनपेक्षा जास्त उपयोगी पडू शकतं.

प्रत्येकाला इतका सरळ धागा मिळत नाही. अमेरिकेत हार्वर्डला पीएचडी करणारी जेनिफर ब्रेआ २०११ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, १०४ अंशांच्या वर गेलेल्या तापाने आजारी पडली आणि मग बरी होईना. तिचं आणि ओमर वासोचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. दोघांनी नाना तऱ्हेचे तज्ज्ञ पालथे घातले. एका न्यूरोलॉजिस्टने सांगितलं, हा मनाच्या जुन्या आघाताचा शरीरावर उमटलेला परिणाम आहे. ते खरं मानून ती त्या दिवशी सुमारे तीन किलोमीटर चालत घरी गेली आणि अंथरुणाला खिळली. पुढे आजाराला नाव मिळालं, मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस. तिने बिछान्यातूनच ‘अनरेस्ट’ हा माहितीपट केला. २०१७ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवलेल्या त्या चित्रपटात ओमरही आहे, बायकोवर विश्वास ठेवणारा आणि तिला उचलून नेणारा. एवढ्यावर शोध संपला नाही. २०१९ मध्ये जेनिफरने जाहीर केलं, की कवटी आणि मान यांच्या सांध्यातला दोष आणि मज्जारज्जूला बसलेला ताण सापडला, शस्त्रक्रिया झाल्या आणि लक्षणं ओसरली.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१५ च्या अहवालानुसार त्या देशात मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिसचे ८ लाख ३६ हजार ते २५ लाख रुग्ण असावेत आणि त्यांपैकी ८४ ते ९१ टक्क्यांचं निदानच झालेलं नाही. त्याची मुख्य खूण घरातच दिसते. पाहुणे आले, बाईने दिवसभर सगळं केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून चार दिवस तिला उठवत नाही. डॉक्टरांसमोर ती दहा मिनिटं नीट बसते. ते चार दिवस पाहणारा फक्त नवरा असतो.

नवरा आजारी असला तर हीच साक्ष बायकोची. घोरता घोरता मध्येच त्याचा श्वास थांबतो, हे झोपलेल्याला कसं कळणार? पायातली चप्पल दरवर्षी घट्ट होते, अंगठी बोटात जात नाही, ही पिट्युटरीच्याच दुसऱ्या एका आजाराची लक्षणं असू शकतात. रोज पाहणाऱ्याला चेहऱ्यातला बदल जाणवत नाही, म्हणून डॉक्टर लग्नाचा अल्बम मागतात.

जाडजूड फाइल नव्या डॉक्टरांपुढे आपटण्यापेक्षा कागदाच्या एका पानावर तारखा लिहून न्याव्यात. पूर्ण बरी शेवटची कधी होती, त्याच सुमारास काय घडलं, वजन किती उतरलं, कशाने बरं वाटतं आणि कशाने बिघडतं. झटके येत असतील तर मोबाइलवर चित्रण करावं. वैदूची पूड आणि आयुर्वेदिक काढेही सांगावेत, कारण काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. नैराश्य हाही खरा आणि बरा होणारा आजार आहे, पण तो त्याच्या स्वतःच्या लक्षणांवरून ओळखायचा असतो. दुसरं काही सापडलं नाही म्हणून चिकटवायचं ते लेबल नव्हे. दुर्मीळ आनुवंशिक आजाराची शंका असेल, तर २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखालचं विशेष केंद्र मुंबईत केईएम रुग्णालयात आहे.

शीहानचे उपचार स्वस्त आहेत, पण त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. आधी हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन, आणि त्यानंतरच थायरॉक्सिन. उलटं केलं तर जिवावर बेतू शकतं. हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोनची गोळी जन्मभराची, ती एक दिवसही चुकवायची नाही. ताप आला की डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे डोस वाढवायचा, साधारण दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लगेच हवं. बाईच्या पर्समध्ये तसं सांगणारं कार्ड असावं आणि रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत नेलं, तर तिथल्या डॉक्टरांना नवऱ्याने सलाईन लावण्याआधीच ते दाखवावं.