शेंडेनक्षत्राची शेपूट मागे नसते

२०२४ च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. जवळ म्हणजे सुमारे ७ कोटी किलोमीटर! तेव्हा तो आदळून दुसरं लोणार होण्याची भीती कुणी बाळगायचं कारण नव्हतं.

मेडशीच्या रस्त्यावर मालेगावकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात पश्चिमेला. सहाच्या सुमारास सूर्य मावळला की तिथे आधी ठसठशीत दिसायचा तो शुक्र. त्यालाच धूमकेतू समजून घरी परतणारे असतातच. खरा धूमकेतू पाऊण तासाने, डावीकडचा शुक्र आणि उजवीकडची स्वाती यांच्या मधल्या पट्ट्यात उमटायचा. त्यातच सोयाबीनच्या मळणीची धूळ क्षितिजावर साचलेली, म्हणून पश्चिमेला मोकळा असलेला धुरा गाठणं बरं. आणि सर्रकन जाते ती उल्का. धूमकेतू जागचा हललेला दिसत नाही, दुसऱ्या संध्याकाळी मात्र ताऱ्यांमध्ये सरकलेला असतो.

सगळ्यात चिवट गैरसमज शेपटीचा. एसटीमागे धुरळा उडतो तशी ती मागे राहते, असं वाटतं. पण धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ; तो जळत नाही, उन्हाने त्यातला बर्फ थेट वायू होतो आणि धूळ सुटते. धुळीला सूर्यप्रकाश ढकलतो, तिची रुंद, किंचित वाकडी, पिवळसर शेपूट होते. विद्युतभारित वायूला सौरवारा नेतो, ती सरळ, निळसर. दोन्ही सूर्यापासून दूर. २७ सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून हा परतीला लागला, तेव्हा शेपूट पुढे आणि डोकं मागे अशी वरात होती! म्हणूनच संध्याकाळी ती डोक्यापासून वर उभी दिसायची.

१४ तारखेच्या आसपास सूर्याच्या बाजूलाही एक बारीक रेघ दिसली. नियम मोडला नव्हता. जाड कण फारसे ढकलले जात नाहीत, कक्षेच्या पातळीतच पसरतात. पृथ्वी त्या पातळीतून जात होती, म्हणून तो पसारा कडेने, रेघेसारखा दिसला.

अपशकुनाचं काय? मे १९१० मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतल्या विषारी वायूने माणसं मरतील, असा जगभर बोभाटा झाला होता. शेपूट इतकी विरळ की कुणाला शिंकही आली नाही. परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं म्हणून धूमकेतूला बोल लावणाऱ्यांनी, तो नव्हता त्या वर्षांचं भिजलेलं सोयाबीनही आठवावं.

‘८० हजार वर्षांनी पुन्हा येईल’ हेही फार फिरलं. पण त्याची कक्षा इतकी उघडी आहे, की तो कदाचित परतणारच नाही.

मोबाइलच्या फोटोतली लांबलचक शेपूट काही सेकंद प्रकाश साठवून आलेली असते, डोळ्याला फिकट पट्टाच दिसतो. साधी द्विनेत्री पुरते, फक्त सूर्य पूर्ण बुडाल्यावरच डोळ्याला लावावी. कोजागिरीला दूध आटवत शेपूट शोधणाऱ्यांची निराशा मात्र चंद्रानेच केली.