रबरी कड्यावरून मासेमारी

मोटारीच्या चाकात राहून रस्त्याचे धक्के सोसावे, एवढेच रबरी ट्यूबचे जन्मकर्म आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. डनलॉप ह्यांनी १८८८ साली हवेने भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा अशा ट्यूबवर बसून कोणी मासे धरील, हे त्यांच्या स्वप्नीही आले नसेल. तथापि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील एखाद्या तलावाच्या पाळीवर सकाळी जाऊन उभे राहावे. धुके विरळ होऊ लागले म्हणजे पाण्यावर एक काळे कडे दिसते. कड्यावर फळी बांधलेली, फळीवर एक ढीवर बसलेला, आणि तो रात्री लावलेले जाळे हळूहळू वर ओढीत असलेला. ह्या साधनाची माहिती आमच्या विद्यार्थिमित्रांस व्हावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

साधन नवे असले तरी कल्पना फार जुनी आहे. आपल्या खेड्यांतील मुले वाळलेला भोपळा पाठीशी बांधून विहिरीत पोहावयास शिकत असत. आणि असे अनेक भोपळे एकत्र बांधले म्हणजे सांगड होत असे व तिच्या आधाराने माणसे नदी ओलांडीत. सिंधू नदीवरील कोळ्यांची युक्ती तर ह्याहून नवलाची होती. पल्ला नावाचा मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढे. त्याला धरण्यासाठी कोळी एका मोठ्या मातीच्या मडक्यावर पालथा निजे. त्याच्या पोटाने मडक्याचे तोंड झाकले जाई, पाय वल्ह्याचे काम करीत आणि हातांत लांब दांड्याचे जाळे असे. धरलेला मासा त्याच मडक्यात पडे! १९५५ साली कोटरी येथे बंधारा झाल्यावर पल्ल्याची वाट अडली व ही मासेमारी ओसरली.

आता हे कडे माणसाला तोलते कसे, ते पाहू. पाण्यात बुडालेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर उचलतो, हा आर्किमिडीजचा सिद्धांत विद्यार्थ्यांनी पाठ केलेलाच असेल. समजा, ट्यूबची जाडी २० सेंटिमीटर आहे आणि जाडीच्या मध्यातून मोजलेला कड्याचा व्यास ८० सेंटिमीटर आहे. कडे कापून सरळ केले तर लांबी सुमारे २५१ सेंटिमीटर भरेल. नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. दोहोंचा गुणाकार सुमारे ७९,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ७९ लिटर. अर्थात हे कडे पुरते बुडेपर्यंत ७९ किलो भार सोसू शकेल. त्यावर ५५ किलोचा माणूस बसला आणि ट्यूब व फळी ह्यांचे वजन ८ किलो धरले, तर ६३ किलो झाले; म्हणजे कड्याचा चार पंचमांश भाग पाण्याखाली गेला. त्यात ओले जाळे व मासे मिळून १० किलोची भर पडली की शिल्लक उरते अवघी ६ किलोंची. थोडी हवा गेली तर तीही उरत नाही. ढीवराचा जीव किती बारीक हिशेबावर तरंगत असतो, हे ह्यावरून ध्यानात येईल.

अमेरिकेतील डोंगराळ प्रदेशात लहान तळ्यांवर हौसेने गळ टाकणारे लोकही असेच कडे वापरतात; परंतु त्यांची बसण्याची रीत निराळी आहे. ते कड्याच्या वर न बसता आतील झोळीसारख्या बैठकीत बसतात. कमरेखालचा भाग पाण्यात असल्यामुळे शरीराचा पुष्कळसा भार पाणीच उचलते आणि गुरुत्वमध्य खाली राहून कडे सहसा उलटत नाही. पायांत बेडकाच्या पंजासारखी रबरी पाती घालून ते पाठमोरे सरकतात व हात गळासाठी मोकळे ठेवतात. मात्र पूर्ण गोल कडे उलटलेच, तर त्यातून पाय सोडविणे कठीण जाते. म्हणून पुढील बाजूस उघडी, घोड्याच्या नालासारखी आणि हवेचे एकाहून अधिक कप्पे असलेली कडी पुढे प्रचारात आली. एक कप्पा फुटला तरी दुसरा तारतो.

लहान तलावासच हे साधन का शोभते? काठचा चिखल व पाणवनस्पती ह्यांमुळे तीरावरून खोल पाण्यापर्यंत पोहोचता येत नाही. नाव घेण्यास पैसा लागतो. उलट कडे खांद्यावर टाकून नेता येते आणि आवाज न करता माशांच्या जवळ जाता येते. मोठ्या जलाशयावर मात्र लाटा व वारा ह्यांपुढे त्याचे काही चालत नाही.

ह्या वाऱ्याची प्रचीती आम्हांस लहानपणी एका तलावावर आली. मना केले असता आम्ही दुपारी एका वृद्ध ढीवराची ट्यूब घेऊन पाण्यात शिरलो. वारा सुटला आणि आमचे शरीरच शीड झाले. हातांनी जितके पाणी मारावे तितके दूर जावे! दमून आम्ही पाण्यात उडी घेऊन पोहत येण्याच्या विचारात होतो, इतक्यात पाळीवरून म्हातारा ओरडला, "बाबू, वाऱ्यासंगं भांडू नोको! टूब सोडू नोको!" आम्ही कड्यास मिठी मारून राहिलो. वाऱ्याने आम्हांस पलीकडच्या काठास नेले. म्हातारा पाळीवरून धावत तेथे आला होता. त्याने बांबू पुढे करून आम्हांस ओढून घेतले. उडी घेतली असती, तर खालच्या कमळवेलींत पाय गुंतून काय झाले असते, हे सांगावयास नको. तो रागे भरला नाही. ट्यूबला कोठे काटा लागला आहे काय, एवढेच त्याने आधी चाचपून पाहिले. त्या दिवशी आम्हांस त्याचे नवल वाटले. आज वाटत नाही. त्याच्या घरची चूल त्या ट्यूबवर पेटत होती.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, आमचे सांगणे थोडके आहे. पोहता येत नसेल तर कड्यावर बसू नये. येत असले तरी अंगात तरंगते जाकीट असावे, कारण ट्यूब हे जाकीट नव्हे. वाऱ्याची दिशा पाहावी, एकट्याने जाऊ नये. गावतलावांत मासे धरण्याचा हक्क बहुधा ढीवरांच्या सहकारी संस्थांकडे असतो, तो मोडू नये. पावसाळ्याच्या आरंभी पुष्कळ जातींचे मासे अंडी घालतात, तेव्हा त्यांस धरू नये. पालकांसही एक विनंती आहे. बाजारात रोहू किंवा मरळ घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करण्यापूर्वी त्या ६ किलोंच्या शिल्लकेचे स्मरण करावे. ज्या पाण्यावर एका दुपारी आमची गाळण उडाली, त्याच पाण्यावर तो मनुष्य रोज पहाटे अंधारात जातो, आणि बहुधा त्याच्या अंगात जाकीट नसते.