रिकाम्या रकान्याचे तीन अर्थ

तळेगाव दाभाड्याजवळचे नवलाख उंबरे हे मावळातले गाव. एकीकडे भातखाचरे, दुसरीकडे एमआयडीसीचे तळेगाव औद्योगिक क्षेत्र. अशा गावातल्या तीन गटांचे सातबारा उतारे शेजारी शेजारी ठेवले, तर गाव नमुना बारामध्ये पिकाचे नाव नसण्याची तीन वेगळी कारणे सापडू शकतात. एका शेतकऱ्याने भातकापणीनंतर रब्बीत काहीच पेरले नाही आणि तशी 'पड' म्हणून नोंद केली. दुसऱ्याच्या शेतात हरभरा उभा असेल किंवा नसेलही, पण पीक पाहणीच नोंदवलेली नाही. तिसरा गट बिनशेती झाला, त्याला पीक विचारण्यातच अर्थ नाही.

पिकाचे नाव तेवढे शोधले, तर या तिन्ही गोष्टी सारख्या दिसतात. नुकसानभरपाईचा किंवा हमीभावाने खरेदीचा अर्ज घेऊन शेतकरी उभा राहतो तेव्हा मात्र पेरले नाही आणि नोंदवले नाही यांतले अंतर त्याच्या खिशाला जाणवते. म्हणून महसूल खात्याने केलेल्या दोन-तीन बदलांचे मला फार मोल वाटते. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना सुधारताना, बिनशेती क्षेत्रासाठी नमुना बाराची आवश्यकता नाही अशी सूचना उताऱ्यावरच देण्याचे ठरले. गटावर फेरफार प्रलंबित नसेल तर जागा कोरी न सोडता 'प्रलंबित फेरफार नाही' असे छापायचे ठरले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तिच्यात शेतकरी मोबाईलवर स्वतः पीक नोंदवतो, आणि पड जमीनही पड म्हणूनच नोंदवता येते. काही नाही हेसुद्धा कोणीतरी पाहून सांगितलेले असले पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे. सरकारी कचेरीतला जुना कारकून तो पाळतच आला. माहिती शून्य असेल तर तो रकान्यात 'निरंक' लिहून खाली सही करतो.

डेटाबेस लिहिणाऱ्यांचा गेल्या पन्नास वर्षांचा वाद नेमका याच ठिकाणी आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची मांडणी केली. १९८५ मध्ये त्यांनी अशा डेटाबेसचे नियम प्रसिद्ध केले. त्यांतला तिसरा नियम म्हणतो की नसलेल्या माहितीसाठी स्वतंत्र खूण हवी, आणि ती खूण रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची कोरी माळ), मोकळ्या जागांची स्ट्रिंग आणि शून्य या सगळ्यांपेक्षा निराळी हवी. ती खूण म्हणजे नल. रिकामी स्ट्रिंग हे उत्तर आहे, फक्त त्याची लांबी शून्य आहे. नल म्हणजे उत्तरच आलेले नाही.

हे वाचायला सोपे वाटते. कामात काय होते ते आकड्यांत पाहू. समजा गावच्या तक्त्यात दहा गट आहेत. पाचांत पीक 'भात'. दोन गट पड, आणि प्रोग्रॅमरने पडीसाठी रिकामी स्ट्रिंग ठेवली आहे. तिघांची पाहणी झालेली नाही, तिथे नल. आता डेटाबेसला विचारले, पीक भात आहे असे गट किती? पाच. पीक भात नाही असे किती? कोणीही म्हणेल, उरलेले पाच. पोस्टग्रेस हा डेटाबेस सांगतो, दोन. तीन गट दोन्ही याद्यांतून गळाले. कारण नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर खरेही येत नाही आणि खोटेही येत नाही. ते 'अज्ञात' येते, आणि यादीत फक्त 'खरे' ठरलेल्या ओळी येतात. नल बरोबर नल का, याचेही उत्तर अज्ञातच. म्हणून डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत नल शोधायला बरोबरचे चिन्ह चालत नाही, 'इज नल' असेच विचारावे लागते.

हाच तक्ता ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ठेवा. ओरॅकल शून्य लांबीची स्ट्रिंग नलच समजतो, त्यामुळे दोन पड गट आणि तीन न पाहिलेले गट एकाच गठ्ठ्यात जातात. भात नसलेले गट किती, याचे उत्तर आता शून्य येते. पिकाची नोंद किती गटांत आहे हे मोजले, तर पोस्टग्रेस सात म्हणतो आणि ओरॅकल पाच. पिकाच्या रकान्यात रिकामी स्ट्रिंग आहे का, असा प्रश्न बरोबरचे चिन्ह घालून ओरॅकलला कितीही वेळा विचारला तरी एकही ओळ हाती लागत नाही. ही वागणूक पुढे अशीच राहील असे धरून चालू नका, अशी सूचना ओरॅकलच्या पुस्तिकेत वर्षानुवर्षे आहे. वागणूक मात्र तीच राहिली, कारण जगभरचे चालू प्रोग्रॅम तिच्यावर उभे आहेत. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता. ज्याने पाहून 'काही नाही' सांगितले, त्याची साक्षच त्यात पुसली जाते.

मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस नल आणि रिकामी स्ट्रिंग यांतला भेद पाळतात. पण एसक्यूएल सर्व्हर तुलना करताना शेवटच्या मोकळ्या जागा मोजत नाही, त्यामुळे एक स्पेस आणि रिकामी स्ट्रिंग त्याला सारखीच. अर्ज भरताना चुकून स्पेसबार दाबला गेला, तर एका डेटाबेसमध्ये तो मजकूर ठरतो आणि दुसऱ्यात ठरत नाही.

खरी गळती होते ती अर्जातच. वेब अर्जातली मजकुराची चौकट कोरी राहिली की ब्राउझर रिकामी स्ट्रिंग पाठवतो. फोन नाही म्हणून कोरी सोडली, द्यायचा नव्हता म्हणून सोडली की चौकट दिसलीच नाही, हे तिथेच एक होऊन जाते. मग दुसरी अडचण येते. फोन क्रमांक प्रत्येकाचा वेगळा असावा अशी अट घातलेली असते. फोन नसलेला पहिला माणूस नोंदला जातो आणि दुसऱ्याला 'हा क्रमांक आधीच वापरात आहे' असा निरोप मिळतो, कारण रिकामी स्ट्रिंग ही डेटाबेसच्या लेखी पुरती किंमत आहे. तिथे नल असता तर पोस्टग्रेसने आणि मायएसक्यूएलने असे कितीही लोक घेतले असते. एसक्यूएल सर्व्हर मात्र एकच नल घेतो. फोन नसलेली आजी अर्ज करता न आल्याने परत जाते तेव्हा चूक तिची नसते.

एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात तपासणीच्या नोंदीत 'दोष' असा रकाना असू शकतो. तो कोरा असेल तर दोष सापडला नाही, की भाग तपासलाच नाही? इथे अंदाज चालत नाही.

नाव हा आणखी नाजूक रकाना. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने बाळाचा जन्म नावाशिवाय नोंदवता येतो आणि नाव मागाहून घालता येते. आपल्याकडे बारसे बाराव्या-तेराव्या दिवशी, तेव्हा ही सोय अगदी योग्य आहे. तो रकाना खरा नल: नाव येणार आहे, अजून आलेले नाही. याउलट ज्या माणसाला आडनावच नाही त्याचा आडनावाचा रकाना कायमचा रिकामा आणि तरीही पूर्ण. अमेरिकेच्या व्हिसावर, पासपोर्टात एकच नाव असलेल्या माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे पहिले नाव अज्ञात. पुढे काही कचेऱ्यांत तेच त्याचे नाव होऊन बसते.

नल डेटाबेसला प्रश्न विचारतानाही फसवतो. एसक्यूएलमध्ये 'नॉट इन' लिहून 'या यादीत नसलेले' मागताना, यादीत एक जरी नल असेल तर उत्तरात एकही ओळ येत नाही. चूक दाखवणारा निरोपही येत नाही. असल्या सापळ्यांमुळे क्रिस्तोफर डेट यांच्यासारखे अभ्यासक नल मुळातच नको म्हणतात. कॉड उलट दिशेला गेले. १९९० च्या पुस्तकात त्यांनी दोन खुणा मागितल्या: लागू आहे पण माहीत नाही, यासाठी एक, आणि लागूच नाही, यासाठी दुसरी. न पाहिलेला गट आणि बिनशेती गट, हाच तो फरक. प्रचलित डेटाबेसनी ती सूचना घेतली नाही. नल एकच राहिला.

म्हणून ते काम तक्ता आखणाऱ्यावर येते. शेरा, पत्त्याची दुसरी ओळ अशा मजकुराच्या रकान्यात माहीत नसणे आणि नसणे यांत काही अडत नसेल, तर नलला मज्जाव करावा आणि रिकामी स्ट्रिंग एवढी एकच खूण ठेवावी. भरपाई, औषधोपचार, वारसाहक्क अशा ठिकाणी रिकामेपण नल आणि रिकामी स्ट्रिंग या दोन खुणांवर सोडू नये. पिकाच्या रकान्याशेजारी स्थितीचा वेगळा रकाना द्यावा: पेरलेले, पड, पाहणी नाही, बिनशेती. पाहणी कोणी आणि कोणत्या तारखेला केली, हेही सोबत असावे. आणि एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी फाइल, करून माहिती हलवताना तर डोळ्यांत तेल घालावे. पोस्टग्रेस अशा फाइलीत दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच नसेल तर नल घेतो, अवतरणचिन्हांची कोरी जोडी असेल तर रिकामी स्ट्रिंग घेतो. एक्सेल कोऱ्या खणासाठी ती जोडी लिहीत नाही. स्थितीचा रकाना नसेल, तर पड आणि न पाहिलेली जमीन त्या एका फाइलीत कायमची एक होते.